रजिस्टर जोडली आहेत, पण कोणती आणि किती?

प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत मशीनिंगचा कारखाना आहे, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. जर्मनीतल्या एका जीएमबीएचने, म्हणजे तिकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारख्या कंपनीने, मोठी ऑर्डर देऊ केली आहे, पण ९० दिवसांच्या उधारीवर. ती कंपनी खरी आहे का, धड आहे का, हे इथे बसून कसं तपासायचं? युरोपातली सगळी कंपनी-रजिस्टर आता एकमेकांना जोडली आहेत असं ऐकलंय, तर तिथे सगळं एका ठिकाणी दिसतं का? पुढे तिकडे स्वतःची कंपनी काढायची झाली तर एमसीएवरची, म्हणजे आपल्या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवरची, आपली माहिती थेट पोचते का? आणि त्याआधी इथली कंपनी पब्लिक लिमिटेड करून घेतली तर वजन वाढेल का?

मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून प्रॅक्टिस करतो आणि असे दोन देशांत अडकलेले कागद बऱ्यापैकी हाताळतो. रजिस्टर जोडली आहेत हे खरं. पण त्या जोडणीतून फक्त चौकशी आणि निरोप जातात. नोंद खरी असण्याची जबाबदारी ज्या त्या देशाकडेच राहिली आहे, आणि प्रत्येक देशाच्या नोंदीचं वजन वेगळं आहे. भारत तर त्या जोडणीत नाहीच. त्यामुळे तुमचं निम्मं काम फुकटात आणि अर्ध्या तासात होईल, उरलेलं मात्र जुन्याच पद्धतीने, सही-शिक्क्याने करावं लागेल.

आधी तपासणी. त्यांच्या ईमेलच्या तळाशी काय छापलंय ते बघा. जर्मन कायद्यानुसार जीएमबीएचच्या प्रत्येक व्यावसायिक पत्रावर, ईमेलवरसुद्धा, कंपनीचा प्रकार, नोंदणीचं गाव, कोणत्या न्यायालयाच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे ते, नोंदणी क्रमांक आणि सगळ्या गेशेफ्ट्सफ्यूररची, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या संचालकांची नावं द्यावी लागतात. आपल्याकडे लेटरहेडवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, छापावा लागतो, त्याच जातीचा नियम. हे काहीच नसेल तर पुढे जाण्याआधी मागून घ्या. खरी कंपनी दोन ओळींत पाठवते.

त्यात 'एचआरबी' आणि पुढे आकडा असेल. एचआरबी म्हणजे भांडवली कंपन्यांचा विभाग. एकट्याचा धंदा आणि भागीदाऱ्या एचआरए विभागात असतात. इथे आपली माणसं हमखास अडकतात, कारण तो क्रमांक देशभरात एकच नसतो. जर्मनीत कंपन्यांचं रजिस्टर स्थानिक न्यायालयं ठेवतात आणि क्रमांक त्या न्यायालयापुरता असतो. तोच आकडा म्युनिकला एका कंपनीचा आणि हॅम्बुर्गला दुसरीचा असू शकतो. न्यायालयाच्या नावाशिवाय एचआरबी क्रमांक म्हणजे अर्धवट पत्ता. बर्लिनची कंपनी असेल तर न्यायालय शार्लोटेनबुर्गचं असेल, तेव्हा बर्लिन कुठे दिसत नाही म्हणून घाबरू नका.

मग हांडेल्सरेगिस्टर डॉट डीई या सरकारी पोर्टलवर जा. १ ऑगस्ट २०२२ पासून तिथले उतारे आणि कागद फुकट मिळतात, खातं उघडायचीही गरज नाही. शोध लागला की नावासमोर दोन-दोन अक्षरांचे दुवे येतात. बहुतेक जण 'एडी' दाबतात, म्हणजे आजचा चालू उतारा, आणि कंपनी आहे हे बघून खूश होतात. तुम्ही 'सीडी' पण दाबा. जमीन घेताना नुसता सातबारा न बघता आपण फेरफार काढतो ना, तसंच हे. सीडीमध्ये कंपनीच्या नोंदी तारखेनुसार येतात आणि रद्द झालेल्या नोंदी अधोरेखित दिसतात. संचालक वर्षात तीनदा बदललेत, गाव दोनदा बदललंय, धंद्याचं वर्णन अचानक घाऊक कपड्यांवरून मशीनच्या सुट्या भागांवर आलंय, हे तिथे एका नजरेत कळतं. रिकामी पडलेली जुनी कंपनी विकत घेऊन नव्याने उभी केली असेल तर तीही इथेच उघडी पडते.

तिसरा दुवा 'डीके', म्हणजे दाखल केलेले कागद. त्यात भागधारकांची यादी असते. जीएमबीएचच्या बाबतीत ती बहुतेकदा नोटरीच दाखल करतो, म्हणून तिला किंमत आहे. नावापुढेही नजर टाका. 'आय. जी.' असेल तर कंपनी अजून नोंदणीच्या वाटेवर आहे, 'आय. एल.' असेल तर गुंडाळायला घेतली आहे. दुसऱ्या प्रकारच्या कंपनीला ९० दिवसांची उधारी कोणी देऊ नये. दिवाळखोरीच्या न्यायालयीन सूचनांचं वेगळं सरकारी संकेतस्थळ आहे, तिथेही नाव घालून बघा.

जर्मन उताऱ्यात आपल्याकडे न मिळणारी एक गोष्ट मिळते: सही कोणाची चालते. एखादा संचालक एकटा कंपनीला बांधू शकतो, की दोघांनी मिळून सही करायची, की एक संचालक आणि एक प्रोकुरिस्ट, म्हणजे नोंदणीकृत मुखत्यार, असं सगळं तिथे लिहिलेलं असतं. आणि त्या लिहिण्याला कायद्याचा आधार आहे. जर्मन वाणिज्य संहितेच्या कलम १५ नुसार जी गोष्ट नोंदवायला हवी होती पण नोंदवून प्रसिद्ध केलेली नाही, ती माहिती नसलेल्या तिऱ्हाइताविरुद्ध वापरता येत नाही. समजा, काढून टाकलेल्या संचालकाचं नाव रजिस्टरमध्ये तसंच राहिलं आणि त्याने तुमच्या ऑर्डरवर सही केली. तुम्हाला त्याच्या हकालपट्टीची माहिती नसेल, तर कंपनी 'तो आमचा नव्हता' म्हणून हात झटकू शकत नाही. ऑर्डरवर सही करणारा माणूस उताऱ्यात आहे का आणि एकट्याने सही करू शकतो का, एवढं जुळवलंत की तुमची बाजू भक्कम झाली.

कंपनी धड आहे का, हा वेगळा प्रश्न. ताळेबंद उंटरनेमेन्सरेगिस्टर नावाच्या दुसऱ्या पोर्टलवर मिळतात. लहान कंपन्यांना नफा-तोट्याचं पत्रक प्रसिद्ध करावं लागत नाही, फक्त ताळेबंद. तोही वर्ष संपल्यावर १२ महिन्यांपर्यंत आला तरी चालतो. म्हणजे तुम्ही जे बघता ते कधीकधी दीड-दोन वर्षांपूर्वीचं चित्र असतं आणि उलाढाल तर दिसतच नाही. जीएमबीएचचं किमान भांडवल २५,००० युरो आणि त्यातले १२,५०० भरले तरी नोंदणी होते. तुमची ऑर्डर ४ लाख युरोची असेल तर त्या भांडवलाकडे बघून झोप लागायचं कारण नाही. पहिल्या दोन खेपा अर्ध्या अ‍ॅडव्हान्सवर किंवा एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, पाठवा, आणि ९० दिवस द्यायचेच असतील तर ईसीजीसीचं, म्हणजे सरकारी निर्यात-पत विमा कंपनीचं, कव्हर घ्या. खरेदीदाराची पत हा रजिस्टरचा विषयच नाही.

बँक खातंही रजिस्टरमध्ये नसतं. सध्याची लबाडी बहुतेक खऱ्या कंपनीच्या नावाने होते. नाव खरं, एचआरबी खरा, संचालकाचं नावही खरं, फक्त ईमेलच्या डोमेनमध्ये एक अक्षर जास्त. रजिस्टर तपासून झालं की उताऱ्यातल्या पत्त्यावरून कंपनीचा मुख्य फोन शोधा आणि त्यावर फोन करा. ईमेलखाली दिलेल्या नंबरवर नव्हे.

आता जोडणीचं. तिचं नाव ब्रिस. युरोपियन युनियनने २०१२ साली निर्देश काढला आणि जून २०१७ पासून ही व्यवस्था सुरू झाली. युनियनचे सगळे देश आणि शिवाय नॉर्वे, आइसलंड, लिक्टेनश्टाइन तिच्यात आहेत. स्वित्झर्लंड नाही, त्यांचं झेफिक्स वेगळं बघावं लागतं. ब्रिटन होतं, पण युनियनमधून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून तेही नाही. सामान्य माणसासाठी ब्रिसचा दरवाजा म्हणजे युरोपियन ई-जस्टिस पोर्टलवरचा कंपनी-शोध. तिथे नाव टाकलं की मध्यवर्ती यंत्रणा त्या त्या देशाच्या रजिस्टरला विचारते आणि आलेलं उत्तर दाखवते. सगळ्या युरोपच्या कंपन्यांचं एक गोदाम कुठेही नाही. नाव, प्रकार, पत्ता, क्रमांक अशी मूळ माहिती फुकट. कागद हवे असतील तर त्या देशाचे दर. शिवाय प्रत्येक कंपनीला ईयूआयडी नावाचा क्रमांक मिळतो: आधी देशाची दोन अक्षरं, मग रजिस्टरचं चिन्ह, टिंब आणि पुढे स्थानिक क्रमांक. न्यायालयाचा जो घोळ मघाशी सांगितला तो यामुळे मिटतो, कारण कोणतं न्यायालय हे क्रमांकातच आलं.

पण तुमच्या-माझ्या शोधासाठी ही यंत्रणा उभी राहिली असं नाही. तिचं खरं काम रजिस्टरांनी एकमेकांना कळवण्याचं आहे, आणि त्याची निकड कशी आली हे सेंट्रोसच्या खटल्यातून कळतं. एका डॅनिश जोडप्याने १९९२ साली इंग्लंडमध्ये कंपनी नोंदवली. भांडवल १०० पौंड, तेसुद्धा न भरलेलं. इंग्लंडमध्ये धंदा काहीच नाही. सगळा धंदा डेन्मार्कमध्ये, या कंपनीची शाखा म्हणून करायचा, म्हणजे डेन्मार्कची २ लाख क्रोनरच्या किमान भांडवलाची अट टळली. डॅनिश रजिस्टरने शाखा नोंदवायला नकार दिला. ९ मार्च १९९९ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नकार देता येणार नाही. मग जर्मनीत इंग्लिश लिमिटेड कंपन्यांची रीघ लागली. कार्डिफमध्ये, म्हणजे तिथल्या कंपनी रजिस्टरकडे, विवरणपत्र भरलं नाही म्हणून मूळ कंपनी रजिस्टरमधून खोडली जायची, आणि जर्मन रजिस्टरमध्ये तिची शाखा टवटवीत. जर्मन न्यायालयाला कळणार कसं? कोणी पत्र पाठवलं तरच.

आता मूळ कंपनी बंद झाली किंवा दिवाळखोरीत गेली की तिचं रजिस्टर शाखेच्या रजिस्टरला ब्रिसवरून कळवतं. दोन देशांतल्या कंपन्यांचं विलीनीकरण झालं की नव्या रजिस्टरचा निरोप आल्यावरच जुनं रजिस्टर आपली नोंद काढतं, त्यामुळे कंपनी मध्येच अधांतरी राहत नाही. संचालकपदाला अपात्र ठरलेल्या माणसाबद्दलही एका देशाला दुसऱ्याकडे विचारणा करता येते. माझ्या मते ब्रिसची खरी कमाई ही, शोधाचा चौकोन नव्हे.

तरी जोडलेल्या रजिस्टरांचा दर्जा सारखा नाही. जर्मनीत जीएमबीएचची नोंद नोटरी आणि न्यायालय अशा दोन चाळण्यांतून येते. नेदरलँड्समध्ये रजिस्टर चेंबर ऑफ कॉमर्सकडे, फ्रान्समध्ये व्यापारी न्यायालयांच्या कार्यालयांकडे. जोडणीबाहेरच्या ब्रिटनमध्ये तर वर्षानुवर्षं जे भरलं ते छापलं असा कारभार होता. २०२३ च्या कायद्याने ४ मार्च २०२४ पासून कंपनीज हाउसला, म्हणजे तिथल्या रजिस्टरला, शंका काढायचे आणि नोंद नाकारायचे अधिकार मिळाले, आणि १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संचालकांना ओळख पटवणं सक्तीचं झालं. म्हणून लंडनच्या जुन्या लिमिटेड कंपनीचा उतारा आणि म्युनिकच्या जीएमबीएचचा उतारा एकाच तराजूत घालू नका. खरा मालक कोण, हे तर युरोपातही आता सहज दिसत नाही. लक्झेंबर्गच्या रजिस्टरविरुद्धच्या खटल्यात २२ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल लागला की लाभार्थी मालकांची यादी सरसकट सगळ्या जनतेला खुली ठेवणं खाजगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे. त्यानंतर अनेक देशांनी त्या याद्या बंद केल्या.

भारत आणि युरोप यांच्यात आज एकच सामाईक धागा आहे, एलईआय, म्हणजे लीगल एन्टिटी आयडेंटिफायर. वीस अक्षर-आकड्यांचा हा क्रमांक सरकारी रजिस्टरचा नव्हे, वित्तीय क्षेत्राचा आहे, पण त्याच्या नोंदीत कंपनी कोणत्या देशाच्या कोणत्या रजिस्टरमध्ये कोणत्या क्रमांकाने आहे हे लिहिलेलं असतं. भारतात तो देणारी मुख्य संस्था मुंबईत आहे, क्लिअरिंग कॉर्पोरेशनची उपकंपनी. ५० कोटी आणि त्यावरच्या परदेशी व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ पासून तो सक्तीचा केला. तुमची उलाढाल तेवढी नसली तरी काढून ठेवा. जर्मन बँक तुमच्या सीआयएनकडे बघत नाही, एलईआय टाकून बघते. आणि दरवर्षी नूतनीकरण करा, नाहीतर नावापुढे 'लॅप्स्ड' दिसतं आणि उगाच प्रश्न येतात.

तिकडे कंपनी काढायचा मुद्दा. एमसीएची माहिती तिकडे आपोआप जात नाही, आणि गेली असती तरी जर्मन नोटरीचं समाधान झालं नसतं. त्याचा प्रश्न असतो: या भारतीय कंपनीच्या वतीने सही करायचा अधिकार कोणाला, आणि ते तुमच्या रजिस्टरमध्ये कुठे लिहिलंय? आपल्याकडे ते कुठेच लिहिलेलं नसतं. मास्टर डेटामध्ये कंपनी दिसते, संचालक कोण ते कळतं, १०० रुपये भरून दाखल कागद बघता येतात. पण अमुक संचालक एकट्याने कंपनीला बांधू शकतो असं आरओसी, म्हणजे आपला कंपनी निबंधक, कधीच प्रमाणित करत नाही. तो अधिकार बोर्डाच्या ठरावातून येतो. खाजगी कंपनीला असले बोर्ड-ठराव आरओसीकडे दाखलही करावे लागत नाहीत, ती सूट २०१५ पासून आहे. म्हणून इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, मेमोरँडम, आर्टिकल्स, संचालकांची यादी, नावानिशी अधिकार देणारा ठराव आणि या सगळ्याचा मेळ घालणारं प्रमाणपत्र असा संच बांधावा लागतो, शपथबद्ध अनुवादकाच्या जर्मन भाषांतरासह. ठराव मोघम नको. 'युरोपात आवश्यक ती कार्यवाही करण्यास' असा ठराव तिथे परत येतो. कंपनीचं नाव, गाव, भांडवल, किती हिस्सा घेणार, गेशेफ्ट्सफ्यूरर कोण आणि मुखत्यार कोण, हे सगळं त्यात हवं.

अपोस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावतात त्या सरकारी शिक्क्याच्या, मागे लागू नका. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे हे खरं, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवली आणि त्यामुळे या दोन देशांत तो करार लागू होत नाही. एजंट मंडळी पैसे घेऊन अपोस्टिलचा स्टिकर लावून देतात आणि तो कागद जर्मनीत चालत नाही. सह्यांसाठी सरळ रस्ता म्हणजे मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन, मुखत्यारपत्रावर अधिकाऱ्यासमोर सही करणं. किंवा एका संचालकाने जाऊन नोटरीसमोरच सही करणं. व्हिसा आधीच असेल तर हे पुष्कळदा लवकर उरकतं. जर्मनीत व्हिडिओवरून जीएमबीएच काढायची सोय ऑगस्ट २०२२ पासून आहे, पण तिला तिथली किंवा युनियनची मान्य इलेक्ट्रॉनिक ओळख लागते. आधार तिथे उपयोगाचं नाही. कोणताही कागद पक्का करण्याआधी मसुदा तिथल्या नोटरीला आणि दूतावासाला पाठवून, 'हा याच रूपात चालेल का' असं लेखी विचारा.

पैसे पाठवण्याआधी तुमच्या एडी बँकेमार्फत (परकीय चलनाचे व्यवहार करायला अधिकृत बँक) फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन हा ओळख क्रमांक घ्या. २०२२ च्या नियमांनुसार त्याशिवाय रक्कम बाहेर जात नाही. कंपनी कायद्यातला एफसी-१ वेगळा. तो परदेशी कंपनी भारतात कार्यालय उघडते तेव्हा लागतो. नावं सारखी असल्याने लोक भलताच फॉर्म उघडून बसतात.

कंपनी न काढता नुसती शाखा उघडू का, असंही बरेच जण विचारतात. माझं मत नको. मघाशी सांगितलेलं रजिस्टर-ते-रजिस्टर कळवणं तुम्हाला लागू नाही. इथे संचालक बदलला, नाव बदललं, तर शाखेच्या जर्मन न्यायालयाला ते तुम्हीच, पुन्हा अनुवाद आणि दूतावासाच्या शिक्क्यासह कळवायचं. जीएमबीएच स्वतंत्र असते, तिची नोंद तिथेच, आणि ती ब्रिसमध्ये आपोआप येते.

युनियनने जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्देश प्रसिद्ध केला आहे. त्यात सगळ्या देशांत चालणारं युरोपीय कंपनी प्रमाणपत्र आणि डिजिटल मुखत्यारपत्र येणार आहे, आणि एका देशाच्या रजिस्टरमधले कंपनीचे कागद दुसऱ्या देशाने अपोस्टिलशिवाय घ्यायचे आहेत. त्याचा अंमल १ ऑगस्ट २०२८ पासून. भारतातल्या मूळ कंपनीला याचा थेट फायदा शून्य. पण तुमची पहिली युरोपीय कंपनी एकदा उभी राहिली की तिने पुढे दुसऱ्या देशात काढलेल्या कंपनीला तो मिळेल. त्यावरून काही सल्लागार 'आधी नेदरलँड्समध्ये काढा, तिथे भारतीय अपोस्टिल चालतो' असं सुचवू लागले आहेत. अपोस्टिल चालतो हे बरोबर. पण गिऱ्हाईक जर्मनीत, माल जर्मनीत आणि कंपनी डच, म्हणजे दोन देशांचे हिशेब आणि दोन सीए. एक शिक्का वाचवायला एवढा खर्च कशाला?

पब्लिक लिमिटेडचं उत्तर छोटं आहे: त्यासाठी करू नका. किमान सात भागधारक, तीन संचालक आणि अनुपालनाचा वाढीव बोजा एवढंच पदरात पडेल. जर्मनीतले हजारो नावाजलेले कारखाने जीएमबीएचच आहेत, तिकडे खाजगी कंपनीला कोणी कमी लेखत नाही. भांडवल उभं करायचं असेल तर तो वेगळा विषय.

आणि जीएमबीएचची नोंद झाली की लगेच टपालाने बिलं येऊ लागतील. गरुडासारखं चिन्ह, कंपनीचं नाव, एचआरबी क्रमांक, सगळं अचूक, आणि 'रजिस्टर प्रसिद्धी शुल्क' म्हणून काहीशे युरो अमुक खात्यात भरा असं. नोंदी सार्वजनिक असल्याने कोणीही त्या वाचून असं पत्र छापू शकतो. बारीक अक्षरात ती एखाद्या खाजगी यादीत नाव घालण्याची 'ऑफर' असते. खरं बिल न्यायालयाच्या फीचं आणि नोटरीचं. बाकी जे येईल ते पैसे न भरता आधी नोटरीला स्कॅन करून पाठवा, आणि तिकडचं टपाल उघडणाऱ्या माणसालाही हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.